घरी सरावासाठी सर्व्हर क्लस्टर : तीन जुनी यंत्रे घ्यावीत की दणकट एकच?

मलप्रभा_काठ (धागाकर्ता)

मंडळी, नमस्कार. मी खानापूर तालुक्यातला; नोकरी बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका लहान कारखान्यात, काम संगणक आणि नेटवर्कच्या देखभालीचे. लिनक्स बऱ्यापैकी हाताखालून गेले आहे, कंटेनर (प्रोग्राम त्याला लागणाऱ्या गोष्टींसह चालवण्याची बंद पेटी) रोजच्या वापरात आहेत, आणि आता कुबरनेटीस, म्हणजे अनेक यंत्रांवर कंटेनर सांभाळणारी व्यवस्था, मुळापासून शिकून सर्व्हर सांभाळण्याच्या कामाकडे वळायचे ठरवले आहे. क्लाउडवर भाड्याने यंत्रे घेऊन सराव करता येतो हे ठाऊक आहे, पण तिथे बिलाचा काटा सतत फिरत असल्यामुळे मनमोकळी मोडतोड करण्याचा धीर होत नाही. म्हणून क्लस्टर, म्हणजे एकत्र जोडून चालणाऱ्या यंत्रांचा समूह, घरीच उभारायचा आहे.

पंचवीस हजारांच्या आत सगळे बसवायचे आहे. एक विचार असा की, कार्यालयांतून बाहेर पडलेले छोटे डेस्कटॉप तीन घ्यावेत आणि स्विचला जोडावेत. दुसरा असा की, एकच चांगले यंत्र घेऊन त्यात ३२ जीबी रॅम घालावी आणि प्रॉक्समॉक्सवर (एका यंत्रात अनेक आभासी यंत्रे चालवणारी प्रणाली) तीन-चार व्हर्च्युअल मशीन चालवाव्यात. आमच्याकडे पावसाळ्यात वीज सारखी जाते आणि घराला गृहज्योती या कर्नाटक सरकारच्या मोफत विजेच्या योजनेची सवलत आहे, त्यामुळे विजेचाही हिशेब धरावा लागेल. ज्यांनी असे काही उभारले आहे त्यांनी सविस्तर लिहावे ही विनंती.

तिलकवाडी_नोड

माझे मत स्पष्ट आहे : एकच यंत्र. कुबरनेटीसच्या क्युबअ‍ॅडम साधनाला नियंत्रण करणाऱ्या नोडसाठी (नोड म्हणजे क्लस्टरमधले एक यंत्र) किमान २ कोअर आणि २ जीबी रॅम लागते. म्हणजे प्रत्येकी ४ जीबीच्या तीन व्हर्च्युअल मशीन १६ जीबीतसुद्धा बसतात, आणि ३२ जीबी असेल तर शेजारी स्वतंत्र डेटाबेस, निरीक्षणासाठी प्रोमेथियस आणि ग्राफाना यांनाही जागा उरते. सर्वांत मोठा फायदा स्नॅपशॉटचा. एखादी आवृत्ती चढवण्याआधी स्नॅपशॉट घ्यावा, चढवताना काय बिघडते ते पाहावे, परत मूळ स्थितीवर यावे आणि तेच पुन्हा करावे. तीन वेगवेगळ्या यंत्रांवर हीच गोष्ट करायची म्हटली की प्रत्येक वेळी पेनड्राइव्ह घेऊन उठावे लागते. शिकणाऱ्याचा वेळ मौल्यवान असतो; तो स्क्रू काढण्यात जाऊ नये.

उद्यमबाग_जिग

मी उलट सांगेन, पण आधी बाजाराची स्थिती. विंडोज १० चा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची आठवी पिढी किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. त्यामुळे सहाव्या-सातव्या पिढीची, अंगाने धडधाकट असलेली यंत्रे कार्यालये ढिगाने काढून टाकत आहेत. लेनोवोचे थिंकसेंटर टायनी, डेलचे ऑप्टिप्लेक्स मायक्रो, एचपीचे एलिटडेस्क मिनी ही त्यांतली नेहमीची नावे. आय-फाइव्ह ६५००टी किंवा ७५००टी म्हणजे चार कोअर आणि ३५ वॅटचा प्रोसेसर. लिनक्सला त्याचे वय जाणवतही नाही.

घेताना मात्र दुकानातच यंत्र चालू करून पाहावे. बायोसला (यंत्र सुरू करणाऱ्या मूळ प्रणालीला) आधीच्या मालकाचा पासवर्ड राहिलेला नसावा. तो असेल तर पुढचे काहीच बदलता येत नाही. व्हर्च्युअलायझेशनची सोय बायोसमध्ये चालू होते का ते पाहावे, आणि वीज परत आल्यावर यंत्र आपोआप सुरू व्हावे ही सेटिंग त्यात आहे का तेही पाहावे, कारण खानापुरात तिच्याशिवाय निभाव लागणार नाही. एसएसडीची प्रकृती स्मार्टसीटीएल चालवून तपासावी. अडॅप्टर मूळचाच मागून घ्यावा. डेलच्या जॅकमध्ये मधोमध जी बारीक पिन असते ती अडॅप्टरची ओळख यंत्राला सांगते. ओळख पटली नाही तर यंत्र सुरू होते खरे, पण प्रोसेसर मुद्दाम मंद गतीने चालवला जातो, आणि माणूस महिनोन्महिने लिनक्समध्ये दोष शोधत बसतो.

निपाणीची_बाई

मी निपाणीजवळ एका महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकवते, म्हणून शिकण्याच्या अंगाने लिहिते. स्वस्त यंत्रे जोडून मोठे काम करण्याची कल्पना नवी नाही. १९९४ मध्ये नासाच्या गोडार्ड केंद्रात थॉमस स्टर्लिंग आणि डोनाल्ड बेकर यांनी बाजारात मिळणारे १६ डीएक्स-फोर प्रोसेसर साध्या १० मेगाबिट इथरनेटने जोडून बिओवुल्फ उभारला, आणि पुढे त्या पद्धतीच्या सगळ्याच क्लस्टरांना ते नाव पडले. तेव्हा घरच्या टेबलावरची तीन यंत्रे म्हणजे खेळणे आहे, असे कोणी म्हटले तर त्याकडे लक्ष देऊ नये.

माझ्या विद्यार्थ्यांना मी एकच प्रयोग आवर्जून करायला लावते. क्लस्टरवर एक साधे संकेतस्थळ चालू ठेवायचे, ते ज्या नोडवर चालले आहे त्या नोडची नेटवर्क केबल उपटायची आणि पडद्याकडे बघत राहायचे. मुलांची अपेक्षा असते की दुसऱ्या नोडवर ते लगेच उभे राहील. तसे होत नाही. पाऊण मिनिटाच्या आसपास नोड ‘तयार नाही’ असा दिसू लागतो, आणि त्यानंतर आणखी पाच मिनिटे काहीच हलत नाही, कारण गायब झालेल्या नोडची वाट ३०० सेकंद पाहावी असा मूळचा नियम आहे. त्या पाच मिनिटांत मुले अस्वस्थ होऊन प्रश्न विचारू लागतात. मग मी त्यांना उपटलेल्या यंत्राला थेट कीबोर्ड आणि पडदा जोडून दाखवते, की तिथे जुना कंटेनर अजून सुखाने चालूच आहे. त्याला बाहेर काय झाले याचा पत्ताच नाही. म्हणजे पाच मिनिटांनंतर एकाच गोष्टीच्या दोन प्रती जिवंत असतात. संकेतस्थळाचे त्यामुळे काही बिघडत नाही, पण डेटाबेस असता तर? याच भीतीपोटी स्टेटफुलसेटमधला (डेटा जपणाऱ्या कामांच्या गटातला) पॉड, म्हणजे कंटेनर ज्यात चालतो तो घटक, कुबरनेटीस आपण होऊन दुसरीकडे उभा करत नाही. तो ‘बंद होत आहे’ या अवस्थेत अडकून राहतो आणि निर्णय माणसाला घ्यावा लागतो. हे ज्याने एकदा डोळ्यांनी पाहिले त्याला त्यामागचे तर्कशास्त्र पुन्हा पाठ करावे लागत नाही.

तिलकवाडी_नोड

बाईंचा प्रयोग उत्तम आहे, पण तो व्हर्च्युअल मशीनवरही शब्दशः होतो. प्रॉक्समॉक्समध्ये त्या मशीनच्या नेटवर्क कार्डाची जोडणी एका टिचकीसरशी तोडता येते आणि कन्सोलवरून आतला कंटेनर चालू असल्याचे पाहताही येते. मग त्यासाठी तीन यंत्रे कशाला?

निपाणीची_बाई

तुमचे म्हणणे या प्रयोगापुरते मला पूर्ण मान्य आहे. माझा आक्षेप पुढचा आहे. एका यंत्रातल्या तीन मशिनींना डिस्क एकच, घड्याळ एकच आणि विजेचा प्लगही एकच. त्यामुळे ‘पूर्ण चालू’ किंवा ‘पूर्ण बंद’ एवढेच बिघाड आपण ठरवून घडवतो. प्रत्यक्षातले बिघाड अर्धवट असतात : एका नोडची डिस्क मंदावते, एक केबल गिगाबिटऐवजी १०० मेगाबिटवर घसरते, एका यंत्राचे घड्याळ मागे पडते. शोध घेण्याची सवय अशाच बिघाडांनी लागते, आणि ते जुन्या यंत्रांत न मागता मिळतात.

उद्यमबाग_जिग

घड्याळाचे बाईंनी लिहिले ते अगदी नेमके आहे. माझ्याकडचे एक यंत्र रात्रभर वीज गेल्यानंतर सकाळी चालू झाले, पण क्लस्टरमध्ये परत येईना. नोंदींमध्ये एकच तक्रार : प्रमाणपत्र अजून लागू झालेले नाही. तारीख पाहिली तर यंत्र कित्येक वर्षे मागे गेले होते. मदरबोर्डवरची सीआर२०३२ ही बटणासारखी बॅटरी संपली होती, त्यामुळे वीज जाताच घड्याळ पुसले जाई, आणि बाकीच्या नोडांची प्रमाणपत्रे त्या यंत्राच्या दृष्टीने भविष्यकाळातली ठरत. घड्याळांच्या दुकानात मिळणारी बॅटरी घातली आणि क्रोनी ही वेळ जुळवणारी सेवा तिन्हीकडे लावली. जुनी यंत्रे घेणाऱ्याने ही बॅटरी पहिल्या दिवशीच बदलावी.

घटप्रभा_पाय

रास्पबेरी पाय या एकाच बोर्डाच्या छोट्या संगणकाचा विचार कोणी करत असेल तर एवढेच सांगतो की, मेमरी कार्डावर ईटीसीडी ठेवू नका. क्लस्टरची सगळी स्मृती त्यात असते आणि प्रत्येक बदल डिस्कवर पक्का उतरल्याशिवाय ते पुढे जात नाही. कार्ड त्या लिखाणाने दमते आणि झिजतेही. पाय घ्यायचाच तर यूएसबीवर एसएसडी जोडावी. बोर्ड, अडॅप्टर, डबी आणि एसएसडी यांची बेरीज केली की जुन्या डेस्कटॉपच्या किमतीपाशीच आपण येऊन पोहोचतो, हे मात्र खरे.

शहापूर_वायरमन

मी वीजजोडणीची कामे करतो, संगणकातले मला फार कळत नाही; पण विजेचा प्रश्न धागाकर्त्यांनी विचारला आहे आणि त्यावर कोणी बोलले नाही म्हणून लिहितो.

छोटी तीन यंत्रे रिकामी चालत असताना प्रत्येकी १० वॅटच्या आसपास धरू, त्यात स्विच मिळवून एकूण ४० वॅट. दिवसरात्र चालवली तर रोज ०.९६ युनिट, महिन्याला सुमारे २९ युनिट. आता गृहज्योतीचा नियम असा की, २०२२-२३ मधल्या सरासरी वापरात साधारण १० टक्के मिळवून जो आकडा येतो तेवढे युनिट मोफत. त्याच्या वर आणि २०० च्या आत राहिलात तर वरच्या युनिटांचे पैसे, आणि २०० ओलांडले तर सगळेच बिल भरायचे. ज्यांच्या घरचा वापर १७५-१८० पर्यंत जातो त्यांना हे २९ युनिट महागात पडतील. वीज पुरवणाऱ्या हेस्कॉमच्या बिलावर तुमचा मोफत युनिटांचा आकडा छापलेला असतो, तो आधी पाहा. रोज संध्याकाळी चारच तास चालवलीत तर महिन्याला पाच युनिटांच्या आत भागते.

दुसरे इन्व्हर्टरचे. घरगुती इन्व्हर्टरवर बहुधा यूपीएस मोडचे बटण असते. ते साध्या स्थितीत असेल तर वीज जाताना मध्ये जो झटका बसतो त्यात संगणक बंद पडू शकतो; यूपीएस मोडवर बदल चटकन होतो, मात्र व्होल्टेज जरा घसरले तरी बॅटरी वापरली जाते. खानापूरकडच्या पावसात व्होल्टेज किती हेलकावे खाते ते मी रोज पाहतो, म्हणून माझा सल्ला असा की यंत्रांना आणि स्विचला ६०० व्हीएचा लहान यूपीएस वेगळा द्यावा. आणि कृपा करून अर्थिंग तपासून घ्या. जुन्या घरांत तीन पिनांचे सॉकेट असते, पण तिसऱ्या पिनेमागे तारच नसते.

मलप्रभा_काठ

वायरमन दादा, आपले विशेष आभार. आमचा मोफत आकडा ८० च्या घरात आहे, म्हणजे दिवसरात्र चालवणे बसणार नाही. रोज रात्री बंद केलेला क्लस्टर दुसऱ्या दिवशी नीट उभा राहतो का? आणखी एक : सध्या दोनच यंत्रे घेऊन तिसरे नंतर घेतले तर चालेल का?

मार्कंडेय_रूट

आधी दुसरा प्रश्न; त्याचे उत्तर बहुमतात आहे. नियंत्रण करणारे नोड एकमेकांशी मतदान करून चालतात. पंच बसवताना संख्या विषम ठेवतात तसेच हे. तीन असतील तर निर्णयाला दोन लागतात आणि एक पडला तरी काम चालते. दोन असतील तरी दोन्हीच लागतात, म्हणजे एक पडताच सगळे थांबते. एकट्या नोडपेक्षा धोका वाढतोच. चार केले तरी तीन लागतात, त्यामुळे पडझड सोसण्याची ताकद तीनइतकीच राहते. पाच असतील तर दोन पडलेले चालतात. म्हणून सध्या दोन यंत्रे घेणार असाल तर एक नियंत्रक आणि दुसरा निव्वळ कामकरी ठेवावा.

तुमच्यासाठी के३एस, म्हणजे कुबरनेटीसचीच हलकी आवृत्ती, योग्य वाटते. ते रँचर या कंपनीने २०१९ मध्ये आणले, एकाच फाइलमध्ये सगळे येते, आणि एक नियंत्रक असेल तर ते ईटीसीडीऐवजी एसक्यूलाइट हा साधा डेटाबेस वापरते. रोज बंद-चालू करण्याला त्याची हरकत नसते. कामे असलेले पॉड काही मिनिटांत पुन्हा उभे राहतात. तरीही आधी नोड रिकामा करायचा, मग कामकरी बंद करायचे आणि नियंत्रक शेवटी, हा क्रम पाळावा. तिसरे यंत्र आल्यावर एसक्यूलाइटवरून ईटीसीडीवर जाणे हा स्वतःच एक चांगला धडा आहे.

एक इशारा : एका यंत्रावर लिनक्स बसवून त्याच डिस्कची नक्कल दुसऱ्यावर उतरवणार असाल तर मशीन-आयडीची फाइल पुसून नवीन तयार करा. ती तशीच राहिली तर उबंटूमध्ये दोन्ही यंत्रे राउटरकडे एकाच ओळखीने पत्ता मागतात, दोघांना एकच आयपी मिळतो, आणि कधी हे तर कधी ते अशी लपाछपी सुरू होते. मॅक पत्ते वेगळे असूनही असे कसे, या कोड्यात माणूस अडकतो.

चिकोडी_कन्सोल

मला एका ओळखीच्यांकडून कंपनीतला जुना रॅक सर्व्हर जवळजवळ भंगाराच्या भावात मिळत आहे. ७२ जीबी रॅम आहे. तोच घेतला तर सगळे प्रश्न एकदम सुटतील असे वाटते.

उद्यमबाग_जिग

घेऊ नका. तशी जुनी यंत्रे रिकामी असतानाही १५० वॅटच्या घरात वीज ओढतात, म्हणजे दिवसरात्र चालवल्यास महिन्याला १०८ युनिट. पंख्यांचा आवाज तर असा की बंद दारातूनही ऐकू येतो. लहान मूल किंवा म्हातारे माणूस असलेल्या घरात तो दुसऱ्या दिवशी बाहेर काढावा लागेल.

भुईकोट

नोडांची नावे काय ठेवता मंडळी? माझे तिघे म्हणजे राजहंसगड, वल्लभगड आणि भीमगड. लिहिताना सगळी लहान रोमन अक्षरे ठेवा. मोठी अक्षरे आणि अंडरस्कोअर कुबरनेटीसला चालत नाहीत.

घटप्रभा_पाय

साठवणुकीबद्दल कोणी लिहिले नाही. तीन यंत्रे म्हटली की लोक लगेच सेफ (Ceph) या अनेक यंत्रांवर डेटा पसरवून ठेवणाऱ्या प्रणालीच्या मागे लागतात. १ गिगाबिटच्या स्विचवर तो चालतो, पण प्रत्येक लिखाणाच्या तीन प्रती त्याच केबलवरून जातात, त्यामुळे चालता चालता धापा टाकतो. सुरुवातीला एका यंत्रावर साधे एनएफएस, म्हणजे नेटवर्कवरून सामाईक वापरायची साठवण, ठेवा. ते यंत्र बंद पडले की सगळे अडते, हे आपोआप समजेल. मग लाँगहॉर्न ही डेटाच्या प्रती वेगवेगळ्या नोडांवर ठेवणारी प्रणाली बसवा आणि प्रती दोन ठेवा. गरज आधी कळली की साधन पटकन कळते.

तिलकवाडी_नोड

बाहेरून जोडणीबद्दल माझी कळकळीची विनंती. आपल्याकडचे बरेच इंटरनेट पुरवठादार अनेक घरांना एकच सार्वजनिक आयपी देतात, त्यामुळे राउटरवर पोर्ट उघडूनही काही होत नाही. ज्यांना स्वतंत्र आयपी आहे त्यांनीही ६४४३ हा कुबरनेटीसचा दरवाजा जगासाठी उघडू नये. अशी दारे शोधत फिरणारे स्वयंचलित प्रोग्राम दिवसरात्र चालू असतात. वायरगार्ड ही सुरक्षित खासगी जोडणीची सोय २०२० पासून लिनक्सच्या गाभ्यातच आहे. त्यावर आधारलेले टेलस्केल वापरले तर सामाईक आयपीमागूनही काम होते.

निपाणीची_बाई

तिलकवाडी_नोड यांच्या या सूचनेला माझे पूर्ण अनुमोदन. त्यातून एक गोष्ट सुचते. खानापूर, नंदगड, चंदगड या पट्ट्यातल्या कितीतरी मुलांकडे स्वतःचा लॅपटॉपही नसतो, आणि शिकायला पुणे-बेंगळुरूला जाणे सगळ्यांना परवडत नाही. अशा दोघा-चौघांना टेलस्केलमधून क्लस्टरमध्ये स्वतंत्र नेमस्पेस (प्रत्येकाचा वेगळा कप्पा), मर्यादित अधिकार आणि रॅमचा कोटा ठरवून दिला तर मोबाइलला कीबोर्ड जोडूनही ती शिकू शकतील. आणि अनेक जण वापरू लागले की अधिकार कसे वाटायचे, एकाच्या चुकीचा दुसऱ्याला त्रास कसा होऊ द्यायचा नाही, हे धागाकर्त्यांनाही शिकता येईल. नोकरीत नेमके हेच विचारतात.

मलप्रभा_काठ

सगळ्यांचे मनापासून आभार. एवढ्या आस्थेने उत्तरे येतील असे वाटले नव्हते.

ठरवले ते असे : पहिला महिना लॅपटॉपवरच व्हर्च्युअल मशीन घेऊन के३एस बसवणे-मोडणे करीन, कारण तिलकवाडी_नोड म्हणतात तसे बरेच प्रयोग व्हर्च्युअल मशीनवरही होतात. त्यानंतर छोटे डेस्कटॉप दोन, एक नियंत्रक आणि एक कामकरी, आठ पोर्टचा गिगाबिट स्विच आणि लहान यूपीएस. तिसरे यंत्र दिवाळीनंतर. तेव्हा ईटीसीडीवर जाईन आणि बाईंचा केबल उपटण्याचा प्रयोग करीन. संध्याकाळी सात ते अकरा एवढाच वेळ चालू ठेवणार, त्यामुळे विजेचे गणित बसते. बाईंच्या सूचनेप्रमाणे गावातल्या दोन मुलांना त्याच वेळेत जोडून घ्यायची तयारी आहे. ठेवायला मात्र काही सुबक हवे. टेबलावर तारांचे जाळे झाले की घरातून विरोध सुरू होईल.

उद्यमबाग_जिग

रॅकचे माझ्याकडे लागले. आमच्या शेडमध्ये पत्र्याचे तुकडे उरतातच. तुम्ही यंत्रे घेतलीत की त्यांची लांबी-रुंदी आणि हवा कोणत्या बाजूने आत येऊन कोणत्या बाजूने बाहेर पडते तेवढे व्यक्तिगत निरोपात कळवा. दोन यंत्रांत बोटभर अंतर ठेवून तीन खणांचा सांगाडा वाकवून देतो, अडॅप्टरसाठी खाली वेगळा कप्पा ठेवतो, म्हणजे त्यांची उष्णता यंत्रांना लागणार नाही.

शहापूर_वायरमन

पत्र्याचा सांगाडा करणार असाल तर त्यालाही अर्थिंगची तार जोडा. रविवारी नंदगडला काम आहे. वाटेत येऊन सॉकेट तपासून जाईन.